तिसऱ्या मजल्यावरचं उभं पीक

६ नोव्हेंबर

खत कंपनीची ही डायरी ह्यांना जानेवारीत मिळाली होती. पहिल्या पानावर 'गोरक्ष' एवढं लिहिलं, आडनाव घालायचं राहून गेलं आणि फेब्रुवारीत हे गेले. पिकअपमध्ये दुसऱ्यांच्या शेतातली भाजी भरून मार्केट यार्डात पोचले, गाडी नीट लावली आणि स्टिअरिंगवरच मान टाकली. डायरी कोरीच राहिली. आज रद्दी काढताना हातात आली, म्हटलं वापरून टाकू. नाहीतरी दुपारचं काही काम नसतं.

दिवाळी केली नाही. वर्ष सरेपर्यंत आमच्याकडे सण नाही. योगेश पुण्याहून चार दिवस येऊन गेला. जाताना जेवायला बसल्या बसल्या त्याने सगळं ठरवून टाकलं. बाबांचं वर्षश्राद्ध झालं की आजीने लंकाआत्याकडे देवळ्याला जायचं, मी त्याच्याकडे पुण्याला, आणि फ्लॅट भाड्याने द्यायचा. "दोघी इथे बसून काय करणार मम्मी, एकमेकींची तोंडं बघणार?" मी म्हटलं, बरं. मला काय, इथे बसले काय नि तिथे बसले काय.

माझ्या सासूबाईंना घरात सगळेच बाई म्हणतात, मीही. बाई दुधात भाकरी कुस्करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "उभं पीक नाय का काय नाय. माझं काय अडलंय, कवाबी जाईन." योगेश हसला. त्याला वाटलं आजी गंमत करते.

गंमत नाही ती. ह्या घरात शेतात पीक उभं असताना कुणी मुक्कामाला बाहेर जात नसे. लंकाताई म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, त्यांचं लग्न टोमॅटोची तोडणी संपेना म्हणून दोनदा पुढे ढकललं होतं. नवरदेव कंटाळून दुसरीकडे मुली बघायला लागला होता म्हणतात. योगेशच्या वेळी मी बाळंतपणाला येवल्याला गेले ती सुद्धा फ्लॉवर निघाल्यावर, आठवा सरत आला तेव्हा. माझे वडील पैठणीचे विणकर. त्यांना हे काही पटायचं नाही. म्हणायचे, आमच्यापण मागावर साडी चढलेली असते, आम्ही उठतो की नाही?

आता शेतच नाही. मग नियम कसला पाळायचा.

९ नोव्हेंबर

दुपारी डोळा लागला होता. उठून बघते तर गॅलरीत मातीच माती. बाईंनी बिल्डिंगच्या मागून घमेल्याने माती वर आणली. एक नाही, किती खेपा केल्या त्यांनाच ठाऊक. वॉचमनने लिफ्टमध्ये घेऊ दिलं नाही म्हणे, म्हणून जिन्याने. वय शहात्तर.

माती आमचीच आहे म्हणा. ही बिल्डिंग मखमलाबादच्या आमच्या शेतावरच उभी आहे. बिल्डरने जमिनीच्या बदल्यात काही रोख आणि हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दिला. मागे दुसऱ्या विंगचा पाया खणलाय, तिथे काळ्या मातीचा ढीग पडलाय. बाई गॅलरीतून रोज तो ढीग बघायच्या. मला वाटायचं, वेळ जात नाही म्हणून बघतात.

रंगाच्या रिकाम्या बादल्या, दोन तेलाचे डबे, सगळे गच्च भरले आणि मेथी फेकली. मी म्हटलं, "बाई, खाली भोकं पाडायला लागतात म्हणे." तर म्हणाल्या, "भोक पाडलं तर पाणी वाया नाय जायाचं? वावराला कुठं भोक असतंय?"

मी परत जाऊन पडले.

१७ नोव्हेंबर

मेथी उगवली, पिवळी पडली, आडवी झाली. वरची माती फरशीसारखी टणक आणि खाली चिखल. बादलीला नाक लावलं तर आतून कुबट वास येतो. बाई मात्र पाट सोडल्यासारखं रोज तांब्यावर तांब्या ओततात.

त्यांनी आधी बियाणाला दोष दिला. मग बियाणं विकणाऱ्याला. मग वॉचमनला, त्याने लिफ्ट दिली नाही म्हणून. शेवटी बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "माती तीच हाय गं. हिच्यात वांग्याचं झाड माझ्या खांद्याला लागायचं." एवढा चेहरा पडलेला ह्यांच्या दहाव्यालाही पाहिला नव्हता. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मला आजकाल काही येत नाही. ह्यांना नेलं त्या दिवशीही डोळ्यात टिपूस नव्हतं, बिल्डिंगमधल्या बायकांनी त्याची चर्चा केली, मला कळलं, त्याचंही काही वाटलं नाही.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरची वेदिका भांडायला आली. घरी बसून कॉम्प्युटरवर काम करणारी मुलगी आहे, नवरा परगावी असतो. तिच्या वाळत घातलेल्या चादरीवर आमचा चिखल गळला. बादल्या बघितल्या आणि भांडण विसरली. "आजी, शेतात पाणी खाली जिरतं. इथे खाली जमीन नाही, मी आहे." बाईंना हसू आलं. दिवाळीपासून पहिल्यांदा.

तिने गच्चीवरच्या बागेचा कुठलासा क्लास केलाय. म्हणाली काळी माती चांगलीच असते, पण बादलीत नाही. बादलीत ती दगड होते आणि मुळं गुदमरतात. एक वाटा माती, एक वाटा कोकोपीट, एक वाटा शेणखत आणि बुडाला भोकं. भोकं आधी.

२१ नोव्हेंबर

आज भोकं पाडली. बाईंच्याने होईना म्हणून मला करावं लागलं. स्क्रू ड्रायव्हर गॅसवर लाल करायचा आणि बादलीच्या बुडात खुपसायचा. घरभर प्लास्टिकचा वास. एकदा बोटाला लागला. फोड आला तेव्हा कळलं.

कोकोपीटची वीट पाण्यात टाकली तर फुगून टोपलंभर झाली. बाईंनी हातात घेऊन हुंगली. "नारळाचा भुसा. ह्याच्यात पेरायचं का गादी भरायची?" पण कालवलं त्यांनीच. मेथीला खोल बादली लागत नाही असं वेदिका म्हणाली, म्हणून ह्यांचे भाजीचे प्लास्टिकचे कॅरेट काढले, आतून गोणपाट लावलं. कॅरेटवर ह्यांनी लाल रंगाने 'गो' काढलेला आहे, यार्डात दुसऱ्याचे मिसळू नयेत म्हणून.

मेथी आणि कोथिंबीर घातली. कोथिंबिरीचे धने बाईंनी चपलेखाली रगडून दोन दोन फाकी केले. वेदिकाने टोमॅटोची चार आणि मिरचीची दोन रोपं दिली. पाणी घालायच्या आधी बोट पेरभर आत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच घालायचं. बाईंना हे पटत नाही. त्या म्हणतात, "तहान लागली का असं बोट घालून बघत्यात व्हय?"

२ डिसेंबर

उगवलं. हिरवं आहे. चांगलंच आहे म्हणायचं.

मी टीव्ही बघत होते. बाई आल्या नि म्हणाल्या, "मुळा घातला." मी विचारलं कुठे, कशाला. "मोकळी जागा दिसली." एका बादलीत टोमॅटोच्या कडेला मुळा. दोन दिवसांपूर्वीही असंच, न सांगता मोहरी घातली होती. मी त्यांना आठवण करून दिली की फेब्रुवारीत आपल्याला निघायचंय, उगाच पसारा वाढवू नका. "व्हय की," म्हणाल्या, "ध्यानात राहत नाय."

योगेशचा फोन आला तेव्हा त्याला सांगितलं, आजी विसरायला लागली आहे. तो म्हणाला डॉक्टरला दाखव. बघू.

११ डिसेंबर

लंकाताईंचा फोन. देवळ्याला कांद्याची लागण चालू आहे, घरात बसायला माणूस नाही, बाईला आत्ताच पाठव म्हणाल्या. वर्षश्राद्धाला आम्ही घेऊन येऊच परत. मला काय, मी फोन बाईंना दिला.

बाई म्हणाल्या, "मेथी उभी हाय गं अजून. झाली की येते." पलीकडून ताई काहीतरी जोरात बोलल्या. बाई म्हणाल्या, "कॅरेटात असली म्हणून काय झालं? उभी ती उभीच." आणि फोन माझ्या हातात देऊन गॅलरीत गेल्या.

ताई मला म्हणाल्या, "तिचं ऐकू नको. मेथी झाली की कळव." मी हो म्हटलं.

२० डिसेंबर

मेथी झाली. काल संध्याकाळी मीच कापली, दोन जुड्या निघाल्या. भाजी केली. बाई म्हणाल्या कडू नाय, गोड हाय. मला कशाची चव लागत नाही पण पान कोवळं होतं.

आज सकाळी ताईंना फोन करणार होते. गॅलरीत गेले तर त्याच कॅरेटात पालक पेरलेला. वरून ओली माती थापलेली, अगदी टापटीप. मी चिडले असं म्हणता येणार नाही, पण बोलले. "बाई, तुम्हाला कळतं का? ताई वाट बघतात तिकडे. किती वेळा सांगायचं?" त्या पदराने हात पुसत उभ्या राहिल्या. "म्हातारपण हाय बाई. रातचं ठरवते नाय पेरायचं, सकाळी इसरते."

आता पालक म्हणजे परत महिना. ताईंना कळवलं. त्या म्हणाल्या मग आता श्राद्धालाच येते आणि तिकडूनच नेते.

२३ डिसेंबर

थंडी पडली आहे. मला उठावंसंच वाटत नाही, आणि बाई आहेत की उजाडायच्या आत दार वाजवतात. "शुभांगी, जरा येऊन बघ. मिरचीवर मावा पडला का? मला दिसत नाय." उठायचं, स्वेटर घालायचं, पानं उलटी करून ती बारीक कीड शोधायची. मावा नसतो. कधी असतो, तेव्हा साबणाचं पाणी मारायचं. तोवर उजाडतं, मग चहा टाकायचा, मग आंघोळ, मग दिवस सुरूच होऊन जातो. मागच्या हिवाळ्यापर्यंत ह्यांना पहाटे यार्डात जायचं असे, तेव्हा ठीक होतं, पण आता मला एवढ्या लवकर उठून करायचं काय आहे?

एक मला कळत नाही. काल गोधडी शिवताना त्यांनी सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवला. मावा तेवढा दिसत नाही.

२८ डिसेंबर

ह्यांचे कपडे द्यायला काढले. योगेश म्हणत होता की ठेवून काय उपयोग. शर्ट, पँट, यार्डात घालायचं जर्किन. मी घड्या घालून दोन पिशव्या भरल्या. इस्त्रीवाल्याचे कपडे भरावे तशा भरल्या.

बाईंनी त्यातला एक शर्ट मागून घेतला. मला वाटलं उशाशी ठेवतील. त्यांनी कात्रीने त्याच्या पट्ट्या केल्या आणि टोमॅटोची झाडं काठीला बांधली. "नायलॉनच्या दोरीनं देठ कापतो. हे मऊ हाय." निळी चौकडी होती, कुणाच्या तरी लग्नात घेतलेला शर्ट. आता तो टोमॅटोला आहे. मी बराच वेळ बघत उभी राहिले. थंडीने पाय बधिर झाले तेव्हा आत आले.

५ जानेवारी

डायरीतलं वर्ष संपलं. मी पुन्हा जानेवारीच्या पानांवर लिहिते आहे, वार चुकीचे आहेत, चालायचंच.

योगेशने पुण्यात मोठा फ्लॅट बघितलाय, माझी खोली वेगळी. फोनवर विचारत होता, आजीशिवाय तुला करमेल ना? मी भांडी घासत होते, फोन खांद्यात धरलेला. म्हटलं, "मला काय होतंय? आजी गेली तरी मला काही वाटणार नाही. मला आता कशाचंच काही वाटत नाही रे. उलट एक काम कमी." तो म्हणाला असं काय बोलतेस मम्मी. मी म्हटलं खरं तेच सांगते.

फोन ठेवला तर बाई गॅलरीतून आत आल्या. चाळणीत कोथिंबीर होती. मी विचारलं, चटणी करू का. त्या म्हणाल्या कर. रात्री अर्धीच भाकरी खाल्ली. थंडी बाधली असेल.

११ जानेवारी

बाईंचं डोकं ठिकाणावर आलंय. मुळा आणि मोहरी उपटून पाच दिवस झाले, जागा तशीच मोकळी आहे, काही पेरलं नाही. कोथिंबिरीचं कॅरेटही रिकामं. मी मुद्दाम विचारलं, "बाई, इथे काही घालायचं नाही का?" "आता कशाला? जायाचं हाय ना." सगळं लख्ख आठवतंय. योगेशला सांगितलं, डॉक्टरची गरज नाही, विसरणं थांबलं.

दारही वाजवत नाहीत आता. मी काल साडेदहाला उठले, आज अकराला. कुणी काही म्हणालं नाही. बाईंनी चहा करून झाकून ठेवला होता, गार झालेला. तसाच प्यायला.

१५ जानेवारी

काल संक्रांत झाली. आमच्याकडे काही नाही. वेदिका दारात घुटमळली, तिळगूळ द्यावा की नाही तिला कळेना. बाईंनी तिला आत घेतलं, तिळगूळ तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "पोरी, हे टमाटे घेऊन जा."

चारही टोमॅटो आणि दोन्ही मिरच्या मुळासकट, बादलीसकट तिला दिल्या. टोमॅटोला हिरवी फळं लागली होती, बोराएवढी. वेदिका नको नको म्हणत होती. ती गेल्यावर मी विचारलं, का दिले? "थंडीनं करपले." करपले नव्हते. मी सकाळीच बघितले होते. म्हणजे सकाळी मी गॅलरीत गेले होते, कशाला गेले ते आठवत नाही.

निळ्या चौकड्या खालच्या गॅलरीत गेल्या. वाकलं की दिसतात. दोनदा वाकून बघितलं.

२४ जानेवारी

पालक संपला. बाईंनी शेवटची पानं खुडली आणि मुळं उपटून माती झटकून दिली. गॅलरी रिकामी. कॅरेट एकावर एक रचायला निघाल्या होत्या, मी म्हटलं राहू द्या, मी करते. केलं नाही.

आज पहाटे आपोआप जाग आली. दार वाजलं असं वाटलं. उठून उघडलं तर कुणी नव्हतं, बाई त्यांच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या. मग मी गॅलरीत गेले. मागच्या विंगचा सांगाडा आमच्या मजल्यापर्यंत आलाय. करायला काही नव्हतं. रिकाम्या कॅरेटातल्या मातीत बोट घालून बघितलं, कोरडी लागली. तांब्याभर पाणी घातलं. कशाला घातलं कुणास ठाऊक.

छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटतं. ॲसिडिटी असेल. गोळी घेतली.

१ फेब्रुवारी

फ्लॅट बघायला एक कुटुंब आलं होतं. नवरा कंपनीत, बायको गरोदर. मी सगळं दाखवलं, नळाला पाणी किती वाजता येतं, गॅस कुठे बसतो. गॅलरीत आल्यावर ती म्हणाली, "बरं झालं, इथे वॉशिंग मशीन बसेल." मी म्हटलं, "इथे सकाळचं ऊन चांगलं येतं. मेथी होते. कॅरेटमध्ये होते, अर्धी माती पण नको, फक्त पाणी बेतानं घालायचं, बोट घालून बघायचं आधी. आणि धने रगडून घेतल्याशिवाय टाकू नका." ती हो हो म्हणत नवऱ्याकडे बघत होती. मी किती वेळ बोलत होते कोण जाणे. शेवटी बाई आतून म्हणाल्या, "त्यांना न्हाणीघर दाखव."

त्यांना घर आवडलं. योगेश म्हणाला, मग पक्कं करू?

मी म्हटलं, कर. फोन ठेवल्यावर परत गोळी घेतली.

९ फेब्रुवारी

वर्षश्राद्ध झालं. सकाळी रामकुंडावर, मग घरी जेवण. भाऊबंद आले, योगेश आला, लंकाताई जीप करून आल्या. ह्यांच्या आवडीची गुळाची लापशी केली होती. सगळे म्हणाले छान झालं, सुटलात आता, वर्ष निघालं. एक चुलत सासूबाई माझा हात धरून म्हणाल्या, "रड गं बाई एकदा, मोकळी हो." मी म्हटलं, येत नाही. खरंच येत नव्हतं.

बाईंनी दुपारीच पिशवी भरली. दोन लुगडी, गोधडी, ह्यांचा फोटो. फोटो नेऊ का, असं मला विचारलं. माझ्याकडे दुसरा आहे. न्या म्हटलं.

वर्षभर एका घरात राहिलो, ह्यांच्यावरून आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. मिरचीवर बोललो, माव्यावर बोललो.

१० फेब्रुवारी

आज झालं ते जसं झालं तसं लिहिते.

बाई आंघोळ करून दाराशी बसल्या होत्या. इस्त्रीचं लुगडं, डोक्यावर पदर, पायाशी पिशवी. खाली जीपवाला हॉर्न वाजवत होता. योगेश पिशवी उचलायला वाकला. लंकाताई चपला घालता घालता चेष्टेने म्हणाल्या, "बाई, मागं काही उभं राह्यलं नाय ना? नायतर अर्ध्या वाटंतून माघारी आणशील मला."

"काय नाय," बाई म्हणाल्या. "रान मोकळं हाय."

मला राग आला. वर्षभरात आला नव्हता तेवढा एकदम आला, कान गरम झाले. कुणाचा ते कळेना. ह्यांचा, योगेशचा, ताईंचा, आणि सगळ्यात जास्त बाईंचा. नको नको म्हणत होते तेव्हा पेरत सुटल्या होत्या, आणि आता कशा शहाण्यासारख्या दाराशी बसल्यात.

मी स्वयंपाकघरात गेले. मिसळणाच्या डब्यातली मेथ्यांची वाटी उचलली आणि गॅलरीत जाऊन कॅरेटपुढे बसले. माती कडक झाली होती, नखांनी उकरली. मूठभर मेथ्या टाकल्या, माती वर ओढली, दाबली, दुसऱ्या कॅरेटला लागले.

योगेश मागे येऊन उभा राहिला. "मम्मी, काय करतेस?"

"पेरते."

"आत्ता?"

"मग कधी? तुझी आजी गेल्यावर?"

लंकाताई एका पायात चप्पल घालून आल्या. "शुभांगी, अगं खाली गाडी उभी हाय. डोकं फिरलं का काय तुझं?"

"फिरलं तर फिरलं," मी म्हटलं. "ताई, बाई कुठे जाणार नाहीत. इथे पीक आहे. मीही जाणार नाही. योगेश, त्या लोकांना फोन करून नाही म्हणून सांग." मग जे तोंडात आलं ते बोलत गेले. "महिना झाला मला सकाळी कुणी उठवत नाही. मी अकरा अकरा वाजेपर्यंत लोळते आणि मला कुणी हाक मारत नाही. हे असेच गेले, सांगून गेले नाहीत, आता ह्या सांगून चालल्यात. मला काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते. खोटं होतं ते. मला वाटतं. ह्यांच्या आईशिवाय मला ह्या घरात राहवणार नाही, आणि पुण्याला तर मुळीच नाही."

जीपवाल्याने परत हॉर्न वाजवला. माझ्या हातात मेथ्या राहिल्या होत्या त्याही मी मातीत कोंबल्या.

बाई उठून आल्या. पदर सावरत माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि कॅरेटात एक बोट घातलं. बोट जवळजवळ सगळंच आत गेलं.

"लय खोल घातलंस," त्या म्हणाल्या. "आणि ह्या फोडणीच्या मेथ्या हायेत."

"उगवत नाहीत का?"

"उगवत्यात. न उगवायला काय झालंय. जरा वर घ्यायला लागतंय." त्यांनी इस्त्रीच्या लुगड्याचा काष्टा वर खोचला, फरशीवर बसल्या आणि माती बाजूला सारून एकेक दाणा वर घ्यायला लागल्या. मी दुसऱ्या बाजूने घ्यायला लागले. आमची डोकी एकमेकींना लागत होती.

लंकाताई बराच वेळ दारात उभ्या होत्या. मग त्यांनी पायातली चप्पल काढली, योगेशच्या हातातली पिशवी घेऊन आत ठेवली आणि परत आल्या. चिडल्या होत्या, पण आवाज उतरला होता. "मग कवा येऊ न्यायला, बाई? ते तरी सांग."

बाईंनी मान वर केली नाही. "मला काय इचारतीस? पीक हिचं हाय. हिला इचार."

ताई माझ्याकडे बघायला लागल्या. योगेशही.

मी म्हटलं, "ताई, भेटायला कधीही या. न्यायला येऊ नका."